पोचा बुजवावा की सांगावा?

हैदराबाद राज्याचे १९५६ साली विभाजन झाले, त्याआधीपासून वडील नामपल्लीहून कचेरीला सायकलने जात. ती सायकल मी शेजारच्या शाळकरी मुलाला देऊ केली होती. देण्याआधीच ती माझ्या हातून खांबावर आदळली आणि दांडीला पोचा पडला. लांबी भरून रंग लावावा, असा मोह झाला.

कारागिराने रंग खरवडून पोच्यावर नख फिरविले. पोचा उथळ, गोलसर आणि नळी सरळ असेल, तर पोलाद तो सोसते. नळीच्या मापाची खाच असलेले ठोकळे आवळून फिरविले, की तो बराचसा निघतोही. परंतु धारदार घडी पडली, चीर गेली वा नळी वाकली, तर ती बदलावीच लागते. वारंवार ताण बसून चीर वाढते. लांबी तिला सांधत नाही, केवळ झाकते. आमच्या दांडीला घडी होती.

शासकीय सेवेत शब्दांची अशी लांबी मी पुष्कळ पाहिली, क्वचित स्वतःही भरली. आपण जाणूनबुजून पत्करलेला धोका हे कदाचित धाडस ठरेल. न सांगता दुसऱ्याच्या हाती दिलेला धोका ही फसवणूकच.

वडिलांच्या सायकलीची दांडी कापताना मन कचरले. नवी नळी बसेपर्यंत मुलगा पायीच शाळेत गेला. ते बोचले; पण सायकल त्याला निर्धास्तपणे देता आली.