आफ्रिकेला निघालास? आधी गंगवाल स्टँडवर ये

माहितीपत्रक वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तू वाचलेलं नाहीस, हे मला पहिल्याच पानावर कळलं. दक्षिण आफ्रिकेत दोन आठवडे. सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजायचं. अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं. एका संध्याकाळी शेकोटीभोवती आदिवासींचं नृत्य बघायचं. निघताना प्रमाणपत्र. आणि एवढ्यासाठी वडिलांच्या पी.एफ.ला हात घालायचा.

एकच सांग. त्या छाव्यांची आई कुठे आहे?

पडला होता हा प्रश्न? नाही पडला. छाव्याला मांडीवर घेतलेला तुझा फोटो कसा येईल, इथपर्यंतच तुझी बुद्धी धावली. मग ऐक. पाहुण्यांना कुरवाळायला मिळावेत म्हणून हे छावे जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडतात. माणसाच्या हातात वाढलेला सिंह पुढे जंगलात सोडता येत नाही. त्याला शिकार येत नाही आणि माणसाची भीती राहिलेली नसते. असे कितीतरी सिंह मोठे झाले की कुंपणाच्या आत उभे केले जातात आणि हौशी शिकारी पैसे मोजून त्यांना गोळी घालतात. दूध पाजणारा पैसे देतो, मारणाराही देतो. धंदा एकच. त्यात पहिला हप्ता तुझा.

अनाथाश्रमाचंही तेच. नेपाळ आणि कंबोडियात अशा कितीतरी संस्थांमधल्या मुलांचे आईबाप हयात असल्याचं उघड झालं आहे. परदेशी पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून मुलं गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा या प्रकाराचीही दखल घेतली. ही सगळी माहिती तुझ्या त्याच मोबाईलवर दहा मिनिटांत सापडते, ज्यावर तू विमानाचं तिकीट तासन् तास शोधलंस. तिकिटासाठी अक्कल चालली, याच्यासाठी का नाही चालली?

तू अडाणी असतास तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. पण मी तुला शिकवलं आहे. आठवीत शाळेच्या आवारातल्या बुलबुलाच्या घरट्यावर उन्हाळाभर नजर ठेवून वही लिहिणारा मुलगा तूच होतास. अंडी कधी फुटली, कावळा किती वेळा आला, सगळं टिपलेलं. कोणी सांगितलं नव्हतं. मार्क मिळणार नव्हते. तो मुलगा कुठे गेला? आज तुला पक्षी नको, पक्ष्यासोबतचा फोटो हवा. गाव नको, गावात जाऊन आल्याचा दाखला हवा. याला जिज्ञासा म्हणत नाहीत. याला हौस म्हणतात, आणि तिचं बिल दुसराच कोणीतरी भरतो.

आरोग्याचं काम करायचंय म्हणतोस, तेही आफ्रिकेत. नारू माहीत आहे? आजीला विचार. पाण्यातल्या बारीक किड्यांवाटे पोटात जाणारा, वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा हातभर लांब कृमी. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळायचा, नेमका पेरणीच्या वेळी. यावर औषध नाही, लस नाही. तरी आपल्या इंदूरच्या शेजारच्या झाबुआतून तो गेला. कसा? कापडाने पाणी गाळून. पायऱ्यांच्या बावडीत उतरणं थांबवून. घरोघर जाऊन तेच तेच पुन्हा सांगून. या कामात इंदूरच्या बरली ग्रामीण महिला विकास संस्थानात शिकलेल्या आदिवासी मुली होत्या. 1992 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या संस्थेला ग्लोबल 500 सन्मान दिला. 1996 मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. 1986 मध्ये जगात नारूचे सुमारे 35 लाख रुग्ण असावेत असा अंदाज होता. आता वर्षाला मोजके उरतात, तेही चाड, दक्षिण सुदान अशा देशांत, आणि तिथे आजही तीच लढाई चालू आहे. पाणी गाळा, रुग्णाला पाण्यात उतरू देऊ नका.

आता सांग, चाडमधल्या खेड्यातल्या बाईला तू काय शिकवणार? झाबुआतल्या बाईने हे कसं केलं, हे तुला ठाऊक असतं तर तिच्यासमोर बसायचा तुला काही अधिकार होता. झाबुआतली ती बाई तुझ्या घरापासून चार तासांवर राहते. तिला तू कधी भेटलास?

समाजकार्याचा अनुभव हवा ना? हलमा ऐकलंय? भिल्लांमध्ये एखाद्याला घरचं काम एकट्याने उरकेना, तर तो हलम्याची हाक देतो. गाव येतं. मजुरी नाही, उपकार नाही. काम झालं की ज्याचा तो घरी. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर हीच हाक पाण्यासाठी दिली गेली. हजारो माणसं आपापली कुदळ, फावडी, टोपली घेऊन आली आणि पावसाचं पाणी मुरावं म्हणून उतारावर चर खोदून गेली. शिवगंगा अभियानाचे महेश शर्मा या कामामागे उभे राहिले. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता तुझं माहितीपत्रक काढ आणि हे शेजारी ठेव. इथे येणारा स्वतःची कुदळ आणतो आणि चर मागे ठेवून जातो. तिथे जाणारा पैसे देतो आणि भिंतीला अर्धवट रंग लावून येतो, जो नंतर कोणीतरी पुन्हा लावतो. यातला शिकण्यासारखा प्रकल्प कुठला, हे तुला मी सांगायचं?

आणि ते शेकोटीभोवतीचं नृत्य! होळीच्या आधी झाबुआ, आलिराजपूर, धारच्या बाजारांत भगोरिया भरतो. ढोल, मांदळ, बासरी, ताडी. तिथे कोणी तुझ्यासाठी नाचत नाही. ती माणसं त्यांच्या सणाला नाचतात. तू तिथे उपरा असतोस, गप्प उभा राहतोस, आणि पाहुण्याने कसं वागावं ते शिकतोस. तुला हे नको आहे. तुला खुर्ची मांडून दाखवलेली संस्कृती हवी आहे.

तुझी कारणं मला पाठ आहेत. वेळ नाही. सोबत नाही. भाषा येत नाही. थांब, या तिसऱ्यावर बोलू. डुओलिंगोवर स्वाहिली शिकतोस ना? ज्या देशात जाणार, तिथे ती फारशी कोणी बोलत नाही, हेही तपासलं नाहीस. ते असो. पण तू ज्या घरात वाढलास तिथे मराठी बोलतात, रस्त्यावर हिंदी बोलतात आणि दूधवाला माळवी बोलतो. तीन भाषा फुकट कानावर पडलेला माणूस भिलीला घाबरतो? कुमार गंधर्व 1948 च्या जानेवारीत देवासला आले. जन्म बेळगावकडचा, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे, माळव्याशी संबंध शून्य. क्षयाने फुप्फुस गेलेलं, गाण्याला बंदी. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली. नुसती ऐकून सोडली नाहीत. जमवली, अभ्यासली, त्या धुनांमधून नवे राग उभे केले, माळव्याच्या लोकगीतांचे स्वतंत्र कार्यक्रम केले. एका फुप्फुसाच्या माणसाला खाटेवरून एक अख्खा प्रदेश सापडला. तुझी दोन्ही फुप्फुसं धड आहेत, दाराशी मोटारसायकल आहे, आणि देवास अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तू तिथे थांबतोस तो भोपाळला जाताना चहापुरता.

वन्यजीवांचं तर बोलूच नकोस. सेरेंगेटीत जनावरं कोणत्या महिन्यात कुठे असतात, हे तू झोपेत सांगशील. सैलान्याचा खरमोर माहीत आहे? आपण ज्याला तणमोर म्हणतो तो. नामशेष होण्याच्या अगदी काठावर आलेला पक्षी. पावसाळ्यात नर गवतातून उभी उडी घेतो, मादीला दिसावं म्हणून, दिवसातून शेकडो वेळा. सैलाना आणि सरदारपूर, दोन्ही अभयारण्यं माळव्यातली, दोन्ही खास त्याच्यासाठी 1983 मध्ये झालेली. गवताळ माळ गेले, तसा तोही जात चालला. शेवटचे काही पक्षी तुझ्या हयातीत जातील आणि तू तेव्हा टांझानियातल्या जनावरांची यादी पाठ करत असशील.

सिरपूर तलाव तर धार रोडवर, शहरातच आहे. होळकरांच्या काळातला. एके काळी त्यात सांडपाणी येत होतं, काठावर अतिक्रमण होत होतं. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या नेचर व्हॉलंटिअर्सनी वर्षानुवर्षं चिकाटी धरली. अर्ज, भांडणं, झाडं, पहारा, पुन्हा अर्ज. 2016 मध्ये मोंढे यांना पद्मश्री मिळाली. 2022 मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर, दोन्ही रामसर यादीत गेले. 2025 मध्ये इंदूर आणि उदयपूर ही पाणथळ शहराची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवणारी भारतातली पहिली दोन शहरं ठरली. आपल्याच शहरातल्या मराठी माणसाने जगाच्या नकाशावर नेलेला तलाव. तुझ्या घरून रिक्षाने वीस मिनिटं. तू गेला आहेस, मला माहीत आहे. कोणाच्या तरी प्री-वेडिंग शूटला.

जग बघू नकोस, असं मी म्हटलेलं नाही. जरूर बघ. पण हात रिकामे घेऊन जाऊ नकोस. दरवर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. सिरपूरच्या काठावर उभं राहून थापट्या आणि तलवार बदकं नीट मोजलीस, तर तो आकडा जगाच्या हिशेबात जातो. हे आहे जागतिक काम. त्याला पासपोर्ट लागत नाही. पहाटे उठावं लागतं, आणि खरी अडचण तीच आहे. दोन हिवाळे मोजून बघ. एक पावसाळा सैलान्यात घाल. एका हलम्यात हाताला फोड येऊ देत. मग आफ्रिकेतल्या एखाद्या धड संस्थेला पत्र लिही, आणि त्यात तुला काय येतं ते लिही. आज तुला त्या पत्रात लिहायला एक ओळसुद्धा नाही.

आगाऊ भरलेली रक्कम परत माग. मिळाली नाही तर बुडाली समज, पण उरलेली भरू नकोस. रविवारी उजाडायच्या आत सिरपूरच्या फाटकाशी ये, आणि त्याच्या पुढच्या रविवारी गंगवाल स्टँडवर, झाबुआच्या पहिल्या गाडीला. डबा घरून आण. उशीर केलास तर मी थांबणार नाही.