गटार कुणाची?

‘‘वो गटर तुम्हारी है ना, सर? तो तुमीच आके देखो.’’

२०१९च्या पावसाळ्यात आमच्या शाळेमागच्या वस्तीतील एका खालांनी मला हे वाक्य ऐकवले. त्यांचा सूर भांडणाचा नव्हता. मांडीवर सूप घेऊन त्या दारात विड्या वळत बसल्या होत्या आणि उंबऱ्यापर्यंत काळे पाणी चढले होते. त्यांचा नातू माझ्या आठवीच्या वर्गात होता. गटार तुंबली तर तुम्ही कुणी झाकण उघडून का पाहिले नाही, एवढेच मी विचारले होते. त्यावर हे उत्तर मिळाले.

मी उर्दू माध्यमाच्या एका हायस्कुलात शिक्षक आहे. त्या गल्लीत ३६ घरे. काही पत्र्याची, काही अर्धी विटांची. पुरुष यंत्रमागावर, बायका विड्यांवर. पावसाळा लागला की तिथली मुले तापाने गैरहजर राहात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे फुल्या मारण्याचा कंटाळा आला म्हणून आम्ही चार शिक्षकांनी आणि काही माजी विद्यार्थ्यांनी २०१८च्या रमजानमध्ये चंदा गोळा केला. दिवाळीच्या सुट्टीत ठेकेदाराकडून गल्लीत पाइप टाकून घेतला. गल्लीच्या तोंडाशी देणगीदारांच्या नावांची फरशी बसवली. तिच्यावर माझेही नाव होते. पहिल्याच मोठ्या पावसात पाइप तुंबला.

खालांचे उत्तर ऐकून मला राग आला. ‘किती नाशुक्रे लोक!’ असे मी घरी येऊन बायकोला म्हणालोसुद्धा. पण राग ओसरल्यावर ध्यानात आले की खाला खोटे काही बोलल्या नव्हत्या. गटार कुणाची, हे आम्हीच फरशीवर कोरून ठेवले होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. आपण एखाद्याचे भले करतो म्हणजे नेमके काय करतो? आणि ज्याचे भले करायचे त्याला न विचारता ते करण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

आपल्या समाजात देणाऱ्यांची वाण नाही. रमजानमध्ये किती हात खिशात जातात, ते आपण पाहतोच. वरचा हात खालच्या हातापेक्षा बरा, या अर्थाची हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. मात्र तिचा आपण सोयीचा अर्थ लावतो. आपला हात वर असावा, एवढे आपल्याला पुरते. समोरचा हात कायम खालीच राहिला तर त्याचे काय, हे आपण विचारत नाही. वर्षानुवर्षे त्याच दारात तेच धान्याचे किट घेऊन जाण्यात आपल्याला समाधान वाटते. त्या घराला पुढल्या वर्षी किट लागू नये, असे काही आपण केले का, हा हिशेब मागे पडतो. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून सदका वाया घालवू नका, असे सूरह अल-बकरामध्ये बजावले आहे. आम्ही तोंडाने काही बोलून दाखवले नव्हते. ते काम फरशी करत होती.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली. चंदा गोळा करताना आम्ही मौलानासाहेबांना विचारले होते, जकातीचा पैसा गटारीला चालेल का? ते म्हणाले, नाही. हनफी फिकहप्रमाणे जकात अदा होण्यासाठी ‘तम्लीक’ लागते. म्हणजे घेणारा गरीब माणूस त्या वस्तूचा मालक झाला पाहिजे. पूल, रस्ता किंवा मशीद बांधून जकात अदा होत नाही, कारण तिथे कुणी एक गरीब मालक होत नाही. आम्ही ही तांत्रिक अडचण समजलो, जकात बाजूला ठेवली आणि सदका व लिल्लाह रकमेतून काम उरकले. खालांच्या वाक्यानंतर तम्लीकचा अर्थ मला निराळाच दिसू लागला. फतव्याच्या बाबतीत मी मौलानांच्या पुढे जाऊ इच्छित नाही. मी नीतीपुरते बोलतो आहे. देणाऱ्याने हात सोडला म्हणजे देणे संपले, असे ही अट मानत नाही. घेणारा मालक होईपर्यंत देणे अपुरेच असते.

२०२०च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा मला अख्तर हमीद खान यांच्याविषयी पुष्कळ वाचता आले. कराचीचे नाव घेतले की आपल्याकडे काही लोक चपापतात आणि आपल्यातलेही काही जण उगाच आवाज खाली करतात. पण गटारीला सरहद्द नसते. शिवाय हा माणूस आग्र्याचा, १९१४ साली जन्मलेला. आयसीएसची नोकरी लागली. बंगालचा १९४३चा दुष्काळ पाहिल्यानंतर १९४५ साली त्यांनी ती सोडली आणि अलीगढजवळच्या एका खेड्यात मजुरी व कुलुपे बनवण्याचे काम केले. पुढे काही काळ दिल्लीच्या जामिया मिल्लियात शिकवले. १९५० साली ते पाकिस्तानात गेले. पूर्व बंगालमधील कोमिल्ला येथे त्यांनी केलेले ग्रामीण सहकाराचे काम गाजले, १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९८० साली, वयाच्या पासष्टीनंतर, ते कराचीच्या ओरंगी वस्तीत येऊन बसले.

ओरंगी म्हणजे लाखो गरिबांची अनधिकृत वस्ती. मैला बादल्यांत, नाही तर उघड्या नाल्यांत. खानसाहेबांनी आल्याबरोबर काही बांधले नाही. ते गल्लीगल्लीतून फिरले, लोकांशी बोलले आणि काय नडते ते विचारत राहिले. त्यांना आढळले की घराच्या आतली जागा आपली आणि उंबऱ्याबाहेरची गल्ली सरकारची, असे लोक धरून चालतात. पैशाची आणि तांत्रिक ज्ञानाची अडचण होतीच, एकत्र येण्याचीही होती. पण मनातली ही भिंत त्यांना मोठी वाटली.

मग त्यांनी गल्ली हे एकक धरले. वीस-तीस घरांची एक गल्ली. गल्लीने आपला एक प्रमुख निवडायचा, त्याने घरोघरचा हिस्सा गोळा करायचा आणि खणायचे, पाइप टाकायचे ते गल्लीनेच. ओरंगी पायलट प्रोजेक्ट या त्यांच्या संस्थेने मोजणी, नकाशा, खर्चाचा अंदाज आणि अवजारे द्यायची. गल्लीच्या पैशाला संस्थेने हात लावायचा नाही. ठेकेदाराचा नफा गेला, आराखडा सोपा झाला आणि सरकारी अंदाजाच्या मानाने खर्च कितीतरी खाली आला. पुढच्या तीन दशकांत ९० हजारांहून अधिक घरांनी या रीतीने आपल्या गल्लीतली गटार स्वतःच्या पैशाने बांधली.

हे वाचताना मला आमची फरशी आठवत होती. बी.एड.च्या वर्गात आम्हाला शिकवले होते की मुलाचे गणित शिक्षकाने सोडवून देऊ नये. त्याने वही भरते, पण मूल आहे तिथेच राहते. वर्गात पाळलेला हा नियम मी शाळेच्या भिंतीपलीकडे पाळला नव्हता. गाडगेबाबा गावात शिरताच स्वतः झाडू मारू लागत आणि रात्री कीर्तनात त्याच गावकऱ्यांना प्रश्नावर प्रश्न विचारत, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. त्यातला झाडू मला लक्षात राहिला होता. प्रश्न विचारणे मी विसरलो होतो.

पण एक शंका इथे यायलाच हवी, आणि ती लहान नाही. बंगल्यांच्या वसाहतीत कुणी स्वतः खणून गटार बांधत नाही. तिथे ती आधीच असते. मग ज्याच्या घरात दोन वेळचे जेमतेम आहे, त्यानेच आपल्या गटारीचे पैसे का मोजावेत? सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला तेव्हापासून वस्त्यांच्या मागासलेपणाविषयी आपण बोलतो आहोत. ‘स्वतः करा’ हा उपदेश सरकारला मोकळे सोडण्याची युक्ती तर नव्हे?

ओरंगीत या शंकेवर एक वाटणी ठरली होती. घरातला संडास आणि गल्लीतली गटार लोकांची. ज्या मोठ्या नाल्यांना त्या गल्ल्या मिळतात, ते सरकारचे. संस्थेच्या परवीन रहमान यांनी वस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे करण्यात आयुष्य घातले. नकाशा हातात असला की अधिकाऱ्याला ‘तिथे काहीच नाही’ असे म्हणता येत नाही. १३ मार्च २०१३ रोजी कराचीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. गरिबाच्या हातातला नकाशा कुणाला तरी खुपतो, एवढा अर्थ मी त्यातून घेतो. ही वाटणी पूर्ण न्यायाची आहे, असे मी म्हणणार नाही. बंगलेवाल्याला जे फुकट मिळते त्याचा अर्धा वाटा गरिबाने उचलावा, यात अन्याय उरतोच. मात्र आपल्या वाट्याचे काम केलेला माणूस उरलेले मागायला जातो तेव्हा तो याचक नसतो. अन्यायाशी भांडायलाही पायाखाली थोडी जमीन लागते.

२०२१च्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. शुक्रवार होता, माग बंद होते. या वेळी मी गप्प बसायचे ठरवले होते. शिक्षकाला याहून अवघड काम नाही. गल्लीतच राहणारा एक गवंडी म्हणाला, ‘‘पाइप का उतार उल्टा है. डालते वक्तच मैं देख्या था.’’ मग तेव्हा सांगितले का नाही? ‘‘पूछ्या कौन, सर?’’ आमच्या हजारो रुपयांना जे कळले नाही ते त्या माणसाला दारात उभ्या उभ्या कळले होते.

गल्लीने घरटी १,२०० रुपये हिस्सा ठरवला, हप्त्याने. खाला विधवा, म्हणून त्यांना वगळावे असे सगळ्यांचे मत पडले. त्या उठून उभ्या राहिल्या. ‘‘मेरा बी लिखो. नई तो कल मैं बोलूँ कैसा?’’ हिस्सा म्हणजे त्यांच्या लेखी बोलण्याचा हक्क होता. दयेपोटी आम्ही तोच काढून घेत होतो.

सगळे सुरळीत झाले असे समजू नका. दोन घरांनी शेवटपर्यंत पैसे दिले नाहीत. एक भाडेकरू म्हणाला, घर दुसऱ्याचे, उद्या त्याने काढले तर माझी गटार कुणाची? त्याला काय सांगावे ते मला सुचले नाही. आजही सुचत नाही. ज्याला उद्याचीच खात्री नाही त्याला मालक कसे करायचे, या प्रश्नावर माझी तम्लीक येऊन थांबते.

आमच्या वाट्याला लहान काम आले. मुख्य गटारीला जोड मिळावी म्हणून पालिकेला द्यायचे मराठीतले अर्ज मी लिहिले. सह्या आणि अंगठे गल्लीचे होते. हेलपाटे घालायला बायका गेल्या. जोड मिळाली. खणताना जुनी फरशी निघाली, ती कुणाच्या तरी मोरीत कपडे धुवायला गेली असे ऐकले. मी चौकशी केली नाही.

२०२३च्या पावसाळ्यात गटार पुन्हा तुंबल्याचे एका मुलाने वर्गात सांगितले. शाळा सुटल्यावर मी तडक तिकडे गेलो. झाकण उघडलेले होते. गवंडी आणि दोन पोरे आत बांबू घालत होती आणि खाला वरून त्यांना कुठे ढोसायचे ते सांगत होत्या. मी वाकून पाहू लागलो.

‘‘सर, जरा बाजू हटो,’’ खाला म्हणाल्या, ‘‘उजाला आने दो.’’

मी बाजूला झालो.