भिंती सोडून, माणसांसह

घर सोडून रानात जाणाऱ्या माणसाला आपण मान देतो, पण तो एकटा गेला तरच. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना त्याला घर नसलेला म्हटले आहे. सिद्धार्थ रात्री निघाला तो यशोधरा आणि राहुल यांना मागे ठेवून. आश्रमव्यवस्थेतला संन्यासी नाती, नाव, चूल असे सगळेच सोडतो. या मापाने पाहिले तर पोरेबाळे, मित्रमंडळी, पातेली आणि पथाऱ्या घेऊन भंडारदऱ्याच्या बाजूला दोन रात्री तंबू ठोकणाऱ्यांची गणती सहलीतच होणार. ते काहीच सोडत नाहीत. संसाराचा एक तुकडा उचलून रानात नेतात आणि परत आणतात. मग या जाण्याला काही धार्मिक किंवा तात्त्विक अर्थ आहे, की तो निव्वळ विरंगुळा आहे? विरंगुळ्यात वाईट काही नाही. तरीही माझे म्हणणे असे की, आपल्या माणसांसह उघड्यावर राहण्यातून जे उमगते ते एकट्या संन्याशाला उमगणे अवघड आहे. तो माणसांपासून सुटतो. तळ टाकणारे कुटुंब माणसांना धरून ठेवते आणि फक्त भिंती सोडते. आणि भिंती नसल्या की, आपला दिवस कोणाकोणाच्या हातांवर उभा असतो ते दिसू लागते.

आपल्या दोन्ही महाकाव्यांतला वनवास हा एकट्याचा वनवास नाही, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात पंचवटीला पर्णकुटी उभारण्याचा प्रसंग आहे. जागा निवडायला राम लक्ष्मणाला सांगतो, लक्ष्मण ती निवड रामावरच सोपवतो. मग माती, बांबू, फांद्या, गवत जमवून तो झोपडी बांधतो, गोदावरीवर स्नान करून कमळे घेऊन येतो आणि केलेले काम रामाला आणि सीतेला दाखवतो. ते पाहून राम त्याला मिठी मारतो आणि तू असताना आपले वडील गेले असे वाटत नाही, अशा अर्थाचे बोलतो. अयोध्येच्या राजवाड्यात हा क्षण येणे शक्य नव्हते. तिथे छप्पर डोक्यावर होतेच. ते कोणी घातले हे राजपुत्राला विचारावे लागत नव्हते. महाभारताच्या वनपर्वातही युधिष्ठिराची पहिली काळजी मोक्षाची नसून आपल्यामागे आलेल्या ब्राह्मणांना जेवायला काय घालायचे, ही आहे. त्यासाठी तो सूर्याची आराधना करतो, आणि मिळालेल्या पात्रातले अन्न द्रौपदीचे जेवण होईपर्यंत संपत नाही. म्हणजे सगळ्यांची पंगत उठल्यावर शेवटी जेवणार ती द्रौपदी. या तपशिलाकडे मला पुढे परत यायचे आहे. आणि एकांताचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण म्हणजे भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणारे तुकोबा. परंपरा सांगते की त्यांची भाकरी घेऊन जिजाई तो डोंगर चढत असे. एकांतालाही कोणाच्या तरी पायपिटीचा आधार लागतो. फक्त एकांत वर्णन करणारे ती पायपीट सहसा मोजत नाहीत.

सहकुटुंब उघड्यावर राहणे हेच धर्मकृत्य मानणारा एक सण ज्यू लोकांत आहे, आणि तो महाराष्ट्राला अगदी परका नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठीभाषक बेने इस्राएल त्याला ओळखतात. सुक्कोथ हा तो सण, तिश्री महिन्याच्या पंधराव्या तिथीपासून सात दिवसांचा. घराबाहेर मांडव घालायचा आणि जेवणखाण, शक्य तिथे झोपणेसुद्धा, त्यात करायचे. मिसरमधून सुटलेले पूर्वज रानात अशाच झोपड्यांत राहिले होते हे पुढच्या पिढ्यांना कळावे, असे कारण लेवीय या ग्रंथात दिले आहे. मला यात मोलाचे वाटतात ते बारीकसारीक नियम. छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि कापून आणलेल्या पाल्याफांद्यांचेच हवे. उन्हापेक्षा सावली जास्त पडावी इतके दाट, पण रात्री त्यातून तारे दिसावेत इतके विरळ. साहजिकच पाऊस आत येतो. तरीही घरातली चांगली भांडी आणि चांगले अंथरूण मांडवात आणावे, त्या सात दिवसांत मांडव हेच पक्के घर आणि घर हेच तात्पुरते मानावे, असे तल्मूद सांगतो. पाऊस इतका वाढला की ताटातली लापशी नासेल, तर खुशाल घरात जावे, अशी मिश्नाची मुभा आहे. हा आनंदाचा सण आहे; देह झिजवणे त्यात अपेक्षित नाही. आणि त्या आनंदात मुलाबाळांबरोबर दास-दासी, परका, अनाथ आणि विधवा यांनाही सामील करून घ्यावे, ही आज्ञा ‘अनुवाद’ या ग्रंथात आहे. अस्थिरपणाची आठवण, घरच्यांची सोबत, आनंद आणि परक्यासाठी जागा या चारही गोष्टी एकाच पालाखाली आणणारी धर्मदृष्टी आपल्या मुक्कामांकडे पाहायला मोठी उपयोगी आहे. आपल्याकडेही कार्तिकात आवळीच्या झाडाखाली सहकुटुंब जेवण्याची चाल होती. ती आता बरीच विरळ झाली.

महाराष्ट्राने मात्र याहून मोठा एक फिरता तळ टिकवून ठेवला आहे. आषाढी वारीत पालखीबरोबर दिंड्या चालतात आणि संध्याकाळी माळावर राहुट्या, तंबू, पाले उभी राहतात. वारीचे वर्णन बहुधा चालण्याचे आणि नामाचे होते, मुक्कामाचे कमी. पण ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या तळावर रोज होणारी समाजआरती पाहावी. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात शांतता होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. तिचे म्हणणे ऐकले जाते, निवाडा होतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते. मग आरती. देवाची आरती करण्याआधी तक्रारदाराचे ऐकणे आणि कोणाची तरी हरवलेली पिशवी परत करणे, हा क्रम मला कोणत्याही प्रवचनाइतका बोलका वाटतो. कुलूप लावायला दार नाही, तक्रार न्यायला कचेरी नाही, तेव्हा माणसे एकमेकांना जे देतात तेवढेच त्यांच्याजवळ असते, आणि तळाची सगळी रीत या जाणिवेवर बांधलेली आहे.

इथेच पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो खुद्द वारीतूनच येतो. इरावती कर्वे यांनी वारीवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात एक गोष्ट दुःखाने नोंदवली आहे: एकाच दिंडीत दिवसभर बरोबर चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसत. मग उघड्यावर राहिल्याने माणूस बदलतो हा दावा कुठे राहिला? भिंती गेल्या तरी जात तंबूत शिरलीच. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यानेच माझे म्हणणे जास्त नेमके होते. मुक्काम माणसाला आपोआप सुधारत नाही. तो दाखवतो. वाड्यातल्या दोन वेगळ्या स्वयंपाकघरांचे कोणाला काही वाटत नाही. एका माळावरच्या दोन वेगळ्या चुली मात्र लांबूनही दिसतात, आणि एका संवेदनशील वारकरी बाईच्या मनाला त्या टोचतात. दिसल्यानंतर काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. द्रौपदीचे शेवटी जेवणेही असेच. आजच्या कौटुंबिक मुक्कामात पुरुष शेकोटीभोवती गप्पा मारत असतील आणि बायका चिखलात बसून शंभर मीटरवरून आणलेल्या पाण्यात भांडी घासत असतील, तर घरात ओट्यामागे झाकलेली गोष्ट तिथे सगळ्यांसमोर आली आहे. ती पाहून पुरुष उठत नसतील, तर त्या कुटुंबाने घर सोडले असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप याहून कठोर आहे. परतीची गाडी दाराशी उभी ठेवून केलेला साधेपणा हा गरिबीचा खेळ नाही का? महाराष्ट्रात हजारो कुटुंबे सहकुटुंबच उघड्यावर राहतात, पण हौसेने नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे तिथल्या बोलीत एक कोयता, साखर कारखान्यांच्या भागात जाते आणि ऐन हिवाळ्यात पाचट, चटया, ताडपत्री यांच्या कोपीत मुलांसह राहते. त्यांना कोणी घर नावाची गोष्ट किती तात्पुरती असते हे शिकवायला जाऊ नये. पावसाळा सरल्यावर मेंढपाळ धनगर घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात. काही कुटुंबे मिळून एक वाडा होतो. रोज नव्या रानात उतरायचे, बाईने पाल-चूल मांडायची, मेंढरे शेतात बसवायची. त्या लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. हा मुक्काम आहे, व्यवसाय आहे आणि शेतीशी चाललेला जुना करारही आहे. शनिवार-रविवारच्या तंबूची या जगण्याशी बरोबरी कोणी करत असेल तर ते खोटे आहे. कोपीत राहणाऱ्याला नको म्हणण्याची सोय नसते, आणि सगळा फरक तिथेच आहे.

पण स्वेच्छेने केलेले आणि ठरल्या वेळी संपणारे म्हणून ते निरर्थक ठरत नाही. एकादशीचा उपास द्वादशीला सुटतो आणि उपास करणारा भुकेकंगाल होत नाही. तरी भूक म्हणजे काय याची एक पुसट ओळख त्याला होते. तिचे पुढे काय होते यावर उपासाची किंमत ठरते. सुक्कोथच्या मांडवालाही सात दिवसांची सीमा आहे, आणि तो कोणी पूर्वजांइतके हाल सोसले असा दावा करण्यासाठी घालत नाही. स्मरणासाठी घालतो, आणि स्मरणाबरोबर परक्याला जेवायला बोलावण्याचे कर्तव्य येते. रात्री दोनला जमिनीतून गारठा चढतो, लहान मूल रडू लागते आणि ताडपत्रीचे एक टोक वाऱ्याने सुटते, तेव्हा आपल्याला उजाडल्यावर जायला घर आहे हे अंगाला कळते. त्या कळण्यातून कोपीतल्या बाईबद्दल आदर आणि तिच्या घराच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या प्रश्नाबद्दल आस्था उपजली तर तो खेळ नव्हता. नुसतीच स्वतःच्या साधेपणाची छायाचित्रे उपजली, तर आक्षेप घेणारा बरोबर.

म्हणूनच तयार मुक्कामांचा जो धंदा पवना धरणाच्या काठी वाढला आहे त्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. तिथे तंबू आधीच ठोकलेले असतात, रात्रीचे जेवण दरात धरलेले असते, गाणी मोठ्या आवाजात लागतात. स्थानिकांना त्यातून रोजगार मिळतो, तो मिळावाच. पण येणाऱ्याच्या दृष्टीने ही कापडी भिंतींची खोली आहे. खुंटी ठोकण्यापासून पाणी भरण्यापर्यंत हाताने करायचे सगळे काम दुसऱ्याने केले की, मुक्कामात जे दिसायला हवे तेच पुन्हा झाकले जाते. शिवाय ते पाणी ज्या धरणाचे आहे ते 1972 च्या सुमारास पूर्ण झाले, ते मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि घरे पाण्याखाली घालून. ज्या काठावर आपण हौसेने घराबाहेर राहतो, तिथे कोणाला तरी कायमचे घराबाहेर काढले गेले होते. ही माहिती मुलांना त्या काठावरच सांगायला हवी. आनंद त्याने नासत नाही. त्याला कोणाचे देणे आहे ते कळते.

राहिला शांततेचा मुद्दा. देव एकांतात भेटतो, दहा जणांच्या गलक्यात रानही भेटत नाही, असे म्हणणाऱ्यांचे बरेच खरे आहे. मे-जूनमध्ये भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी या भागांत काजवे पाहायला झुंबड उडते. काजव्याचे लुकलुकणे हे नर-मादीचे परस्परांना शोधणे असते, आणि विजेऱ्या आणि गाड्यांचे दिवे त्यात थेट व्यत्यय आणतात. गर्दीला धरबंध नसला की रानाचे नुकसान होते यात वाद नाही. पण गप्प बसणे एकट्यालाच जमते असे मुळीच नाही. चोपदाराने दंड उंचावताच हजारोंचा समाज शांत होतो, हे आपल्याच राज्यात दरवर्षी घडते. आठ माणसांनी मिळून दिवे मालवून अर्धा तास गप्प राहणे ही एकट्याच्या मौनाहून वेगळी साधना आहे, कारण त्यात प्रत्येक जण दुसऱ्यासाठी गप्प असतो.

तेव्हा येत्या हिवाळ्यात आपली माणसे घेऊन बाहेर पडणार असाल, तर तंबू स्वतः ठोका आणि मुलांना खुंट्या धरू द्या. घरी जो कधी स्वयंपाक करत नाही त्याच्यावर पहिल्या रात्रीची चूल सोपवा, आणि घरी जी शेवटी जेवते तिला पहिल्या पंगतीला बसवा. गावातल्या माणसाची परवानगी घेऊन उतरा, त्याला जेवायला बोलवा, आपला सगळा कचरा परत न्या. वाटेत धनगरांचा वाडा रस्ता ओलांडत असेल तर भोंगा वाजवू नका. गाडी बंद करा आणि शेवटचे मेंढरू पलीकडे जाईपर्यंत थांबा.