भुलीची जागल

मराठीत भूल हा शब्द मोठा विचित्र आहे. चुकीलाही भूल म्हणतात, मोहालाही भूल म्हणतात आणि ऑपरेशनच्या आधी देतात तीही भूलच. आमच्या देवरीहून पूर्वेला थोडं गेलं की छत्तीसगडची हद्द लागते. तिकडच्या जंगलात भुलनकांदा असतो, असं लोक सांगतात. त्यावर पाय पडला की माणूस वाट विसरतो आणि त्याच त्या झाडांभोवती फिरत राहतो. त्याचं त्याला सुटता येत नाही. दुसऱ्या कोणी येऊन हात लावला तरच तो भानावर येतो. कांद्याचं खरंखोटं बाजूला ठेवू. पण दवाखान्यातल्या भुलीला ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. भूल पडलेल्याला परत आणायला भूल न पडलेला माणूस लागतो.

माझा प्रश्न त्या दुसऱ्या माणसाबद्दल आहे. एखाद्याचं भान आपण काढून घेतलं, त्याच्या भल्यासाठीच घेतलं, तर तो शुद्धीवर येईपर्यंत आपण त्याचं काय देणं लागतो?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या दवाखान्यात मॉर्टन नावाच्या दातांच्या डॉक्टरनं ईथर हुंगवून रोग्याला झोपवलं आणि शस्त्रक्रिया झाली. त्याआधी रोग्याला चार माणसं दाबून धरत आणि तो ओरडत राही. ईथरनं ती ओरड थांबवली. केवढे उपकार झाले माणसावर! पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ओरड ही दुखण्याची खूण होती, तशी ती माणसाची राखणही होती. ‘थांबा, जीव चालला’ हे सांगायला त्याच्याजवळ तोंड होतं. भुलीत ते तोंड बंद होतं. म्हणजे ज्यानं ते बंद केलं, त्यानंच आता त्याच्या वतीनं बोललं पाहिजे.

गोंदियाच्या एका भूलतज्ज्ञ बाईंनी मला हे सोप्या शब्दांत समजावलं होतं. त्या म्हणाल्या, “काका, गुंगी आणि पूर्ण बेशुद्धी यांच्या मधात भिंत नाही, उतार आहे. गुंगीपुरती सुई द्यावी, तर एखादा म्हातारा त्याच सुईनं घसरत खाली जातो. जीभ मागं पडते, श्वास मंदावतो. म्हणून जितकं झोपवायचं, त्याच्या एक पायरी खालून वर ओढता आलं पाहिजे. तेवढं येत नसेल तर सुईला हात लावू नये.” बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजणारं यंत्र कोरोनाच्या साली आपल्या सगळ्यांच्या घरी आलं. पण नळीनं ऑक्सिजन चालू असला तर श्वास मंदावल्यावरही त्यावरचा आकडा काही वेळ चांगलाच दिसतो, असं त्या म्हणाल्या. म्हणून छाती वरखाली होते का, हे बघणारा डोळा लागतोच.

आम्ही धानवाले लोक. लोंबी भरली की बांधीवर जागलीला जावं लागतं, नाहीतर एका रात्रीत रानडुकरं सगळं आडवं करतात. जागलीचा नियम साधा आहे. मचाणावर बसलेल्यानं दुसरं काम करायचं नाही. दोर वळत बसला की त्याची नजर दोराकडं आणि डुकरं बांधीत. भुलीचाही नियम हाच. जो डॉक्टर चिरतो किंवा हाड बसवतो, त्याची नजर त्याच्या कामात असते आणि असलीच पाहिजे. श्वासाकडं बघणारा दुसरा हवा, आणि त्याला तेवढंच काम हवं.

पैशानं ही जागल विकत मिळते असंही नाही. १९९६ साली मुंबईत येऊन नाचून गेलेला मायकल जॅक्सन आठवत असेल. २००९ मध्ये तो आपल्या घरी मेला. झोप येत नाही म्हणून त्याचा स्वतःचा डॉक्टर त्याला ऑपरेशनच्या वेळी वापरतात ते भुलीचं औषध घरीच देत होता. आपण दोनच मिनिटं खोलीबाहेर गेलो होतो, असं त्या डॉक्टरनं सांगितलं. २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली. पगारी डॉक्टर होता, बंगला होता, पण पलंगाजवळ जागं कोणी नव्हतं.

आता दुसरं टोक बघा. ७ जानेवारी २०१२ ला बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत कुटुंबनियोजनाचं शिबिर झालं. एकाच सर्जननं रात्री दोन तासांत ५३ बायांची ऑपरेशनं केली. शाळेचे बाक हेच टेबल, उजेड बॅटरीचा. हिशेब केला तर एका बाईच्या वाट्याला सव्वादोन मिनिटं येतात. त्यात तिच्या श्वासाकडं बघायला कोणाला सवड असणार? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१६ मध्ये कोर्टानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. जॅक्सनजवळ सगळं होतं, त्या बायांजवळ काहीच नव्हतं. कमी पडला तो दोन्हीकडं जागा माणूसच.

जागलीतला थोडा वाटा आपल्याकडंही असतो. आमच्या शेजारचा आठ वर्षांचा नातू जांभळीवरून पडला, कोपराचं हाड मोडलं. गोंदियाला नेताना आजीनं गाडीत त्याला दूध-बिस्किट दिलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा म्हणाली, “सकारपासून काई नाई खाल्लं जी.” पोरगंच रडत रडत बोलून गेलं, “आजीनं दूध देल्लं ना!” हाताची बोटं गरम होती, नाडी लागत होती, म्हणून थांबणं शक्य होतं. डॉक्टरनं सहा तास थांबवलं. म्हातारी चिडली, “लेकराचे हाल पाहून तुमाले दया नाई येत?” तिची दया खरीच होती. पण भुलीत उलटी झाली तर अन्न श्वासनळीत जातं, आणि झोपलेलं लेकरू ठसका देऊन ते बाहेर टाकू शकत नाही. त्या दिवशी दया थांबण्यात होती. उपाशी ठेवणं आणि खरं सांगणं, हा आपल्या वाट्याचा पहारा.

तुम्ही म्हणाल, हे शहरात ठीक आहे. खेड्यापाड्यात भूलतज्ज्ञ आणायचा कुठून? डॉक्टर ‘गोंदियाला न्या’ म्हणतो, आणि आमगावच्या रस्त्यावर गाडीच्या प्रत्येक हादऱ्याला रोगी कळवळतो. दुखणं सोसायला लावणं हाही अन्यायच. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण ज्याला थांबता येतं, त्याला ‘माझ्याजवळ राखायला माणूस नाही’ असं सांगून पुढं पाठवणारा डॉक्टर मला प्रामाणिक वाटतो. अडलेल्या बाळंतिणीला थांबता येत नाही. तिच्यासाठी साध्या एमबीबीएस डॉक्टरला भुलीचं प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना आहे. म्हणजे मार्ग नाही असं नाही. पण इमारत बांधली, टेबल आणलं, फीत कापली, आणि टेबलाच्या डोक्याशी बसणाऱ्याची जागा रिकामी ठेवली, तर तो दवाखाना पूर्ण झाला असं मी म्हणणार नाही.

भान गेलेला माणूस काही कमी माणूस होत नाही. उलट तो तेवढ्या वेळेपुरता आपल्या ओटीत टाकलेला असतो. आईबाप सोडले तर इतका विश्वास आपण कोणावर टाकत नाही, आणि तो टाकताना कागदावर न वाचता अंगठा उमटवतो. सही करण्याआधी निदान एक प्रश्न विचारावा. त्याला शिक्षण लागत नाही, आणि चांगला डॉक्टर त्यानं रागावत नाही. “साहेब, हा झोपल्यावर याच्याजवळ नुसतं बघत कोण बसणार?”