पोराला कुठंतरी टाकावं म्हणतो

मामाचा फोन आला तेव्हा मी पीएमपीच्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभा होतो. मामा सहसा फोन करत नाही, व्हॉट्सॲपवर सुप्रभातवाली फुलं पाठवतो. त्यामुळे आधी धस्स झालं. पण आजोबा बरे होते, पाऊसही बरा होता. मग थोडं थांबून तो म्हणाला, "तुझ्या आत्याच्या पोराला तू बघून दिलं होतंस ना, तसलं काही असलं तर सांग. आमच्या पोराला कुठंतरी टाकावं म्हणतो."

मामाचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीचे दोन विषय राहिलेत. रात्रभर फोनवर असतो, दुपारी उठतो. ऑनलाइन गेममध्ये मामीच्या खात्यातले चौदा हजार घालवले. मागच्या आठवड्यात तिच्यावर हात उगारला. "उगारला फक्त, मारलं नाही," हे मामाने दोनदा सांगितलं.

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. नंतर स्वारगेटपर्यंत एकाच शब्दाशी घुटमळत राहिलो. आपण मुलाला शाळेत घालतो, पाहुण्यांकडे ठेवतो, पण होस्टेलला टाकतो. आता, टाकणं हे तसं निरुपद्रवी क्रियापद आहे. चहात साखर टाकतो, खात्यावर पैसे टाकतो. पण कचराही टाकतो, आणि नवऱ्याने सोडलेल्या बाईला गावात अजून 'टाकलेली' म्हणतात. मामाच्या मनात यातला नेमका कोणता अर्थ होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

सहा वर्षांपूर्वी माझ्याही मनात तो स्पष्ट नव्हता. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि घराण्यात 'नेटवरून शोधायची अक्कल' फक्त मला होती. आत्याचं गाव राहुरी तालुक्यात, मुळेच्या काठाला. आतेभाऊ पंधराचा होता आणि वाळूच्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी 'लोकेशन' द्यायचा. म्हणजे रात्री रस्त्याच्या कडेला बसायचं आणि तहसीलची गाडी दिसली की फोन करायचा. एका रात्रीचे पाचशे मिळायचे. पाचशेंच्या मागून दारू आली, आणि वडिलांना धक्का मारून पाडण्याची एक रात्रही आली. आत्याचे ते दिवस मी पाहिलेत. ती दाराला आतून कुलूप लावून किल्ली ब्लाउजमध्ये ठेवून झोपायची. झोपायची म्हणजे पडून राहायची.

मी शोधलं आणि शेजारच्या जिल्ह्यातली एक जागा सापडली. निवासी, शिस्त, संस्कार, करिअर. ट्रॅकसूट घालून ओळीत बसलेल्या मुलांचे फोटो. फोनवरचा माणूस फार आदबीने बोलला. सहा महिन्यांत फरक दिसेल, म्हणाला. मी फी विचारली, ती हप्त्यांत चालेल का विचारलं. रात्री मुलांजवळ कोण असतं, आम्हाला कधी भेटता येईल, ही जागा कुठल्या कायद्याखाली नोंदलेली आहे, यातलं काही विचारलं नाही. एक प्रश्न मात्र विचारला होता. तो अजून आठवतो. "पळून तर जाणार नाही ना?"

त्याला सांगितलं, शिर्डीला जायचंय. तो पांढरा शर्ट घालून जीपमध्ये बसला. साईबाबांच्या पेटीत टाकायला आत्याने त्याच्या खिशात पन्नास रुपये दिले. खोटं निभवायचं तर नीट निभवायला नको का?

अकरा महिन्यांनी तो परत आला आणि सगळ्यांनी एकच शब्द वापरला, सुधारला. लवकर उठायचा, ताट स्वतः घासायचा, वर तोंड करून बोलायचा नाही. आता सुपा एमआयडीसीत कंत्राटावर कामाला आहे. घरच्यांच्या हिशोबात हे यश आहे, आणि ते माझ्या खात्यावर जमा आहे. म्हणूनच मामाचा फोन मला आला.

दोन वर्षांपूर्वी नगरहून येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. मी न विचारताच तो बोलला. मारायचे, पण त्याचं काही नाही, म्हणाला, शाळेतही मारायचेच. ते पन्नास रुपये पहिल्याच संध्याकाळी काढून घेतले. रविवारी घरी फोन लावून द्यायचे, पण स्पीकरवर, आणि सर बाजूला बसायचे. 'बरं चाललंय' एवढंच बोलायचं असायचं. मग म्हणाला, "त्या दिवशी जीप मागं घेताना पप्पांनी आरशात बघितलं. मला वाटलं, आता थांबवतील." पुढे काही बोलला नाही. शिरूरला उतरून आम्ही वडापाव खाल्ला.

तेव्हापासून 'सुधारला' या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. तो उलट बोलत नाही हे खरं, पण तो बोलतच नाही. घराला त्रास होत होता, तो थांबला. त्याला जो त्रास होत होता त्याचं काय झालं, हे मोजायची सोय आमच्याकडे नव्हती आणि इच्छाही नव्हती.

यावर नेहमीचं उत्तर असं, की आज रडेल पण मोठा झाल्यावर आभार मानेल. हे उत्तर मला बराच काळ पटायचं. त्यातली अडचण उशिरा लक्षात आली. आभार मानणारा माणूस त्याच जागेने घडवलेला असतो. त्याला गप्प राहायला शिकवलं असेल, तर 'बरं झालं मला पाठवलं' हे वाक्यही त्या शिकवणीतलंच असू शकतं. शिवाय जे आभार मानतात ते लग्नाकार्यात भेटतात. जे मानत नाहीत ते येतच नाहीत.

मग जबरदस्ती कधीच करू नये का? असं म्हणायला मी धजत नाही. पंधरा वर्षांचं पोर रात्री नदीकाठी दारू पीत बसलंय आणि आपण त्याच्या स्वातंत्र्याचा आदर करतोय, हीसुद्धा एक प्रकारे हात झटकण्याचीच रीत आहे.

या प्रश्नाचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावापाशी येतो. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले. गाव दारूने पोखरलं होतं. सांगूनही न ऐकणाऱ्यांना मंदिरापाशी खांबाला बांधून फटके दिले गेले. हे त्यांनी कधी लपवलं नाही. आजारी लेकराला आई कडू औषध पाजतेच ना, असं त्यांचं समर्थन होतं. माझ्या आजोबांना ते अजून पटतं. मला पटत नाही, कारण औषध पाजणारी आई रात्रभर उशाशी बसते, आणि ताप उतरला नाही तर दोष स्वतःला देते. फटके मारणाऱ्याला त्यातलं काही करावं लागत नाही.

पण त्याच गावात दुसरी एक गोष्ट घडली. तिच्याबद्दल कमी बोललं जातं. तिथलं संत निळोबाराय विद्यालय आणि त्याचं वसतिगृह नापासांची शाळा म्हणून ओळखलं गेलं. दुसऱ्या शाळांनी नको म्हटलेली, शिक्षण सुटलेली, घरच्यांना न आवरणारी मुलं तिथे प्राधान्याने घेतली जात. शिस्त तिथेही होतीच. पण कल्पना करा, आयुष्यभर ज्या मार्कशीटमुळे मार खाल्ला तीच कुणीतरी प्रवेशाचा दाखला म्हणून हातात घेतंय. एकाच गावात, एकाच माणसाच्या प्रेरणेतून, खांब आणि ही शाळा दोन्ही उभे राहिले. चांगल्या हेतूने काय काय होऊ शकतं, याची ही दोन टोकं मला अमेरिकेतल्या कुठल्याही तात्त्विक चर्चेपेक्षा जास्त समजतात.

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून. तिथे 'बिघडलेल्या' मुलांना सुधारणाऱ्या निवासी केंद्रांचा मोठा धंदाच आहे. पालकांनी पैसे देऊन नेमलेली माणसं पहाटे पोरांना अंथरुणातून उचलून नेतात. पॅरिस हिल्टनने यूटामधल्या अशाच एका संस्थेतले स्वतःचे अनुभव जाहीरपणे सांगितले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अशा संस्थांतल्या छळाविरुद्ध तिथे केंद्रीय कायदा झाला. त्या बातम्या वाचताना मला सारखी आमची जीप आठवत होती. आम्ही अंथरुणातून उचललं नाही. आम्ही देवाचं नाव घेतलं.

आपल्याकडे घरापासून दूर राहून शिकणं मुळात शिक्षा नव्हतीच. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग काढलं, भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह सुरू केलं. माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगमध्ये शिकले. बोर्डिंग म्हटलं की आजही त्यांचा चेहरा उजळतो. नगरमध्येच १९८९ पासून गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या मित्रांनी उभं केलेलं 'स्नेहालय' आहे. देहविक्रीच्या वस्तीत वाढणाऱ्या मुलांसाठी ते सुरू झालं. तिथे धोका मुलाला होता, म्हणून मुलाला धोक्यापासून दूर नेलं. आमच्या घरात मूल हाच धोका ठरला होता, आणि आम्ही घराला मुलापासून वाचवलं. दोन्हीकडे गेट, खाटा आणि जेवणाची घंटा सारखीच असते. म्हणून बाहेरून फरक दिसत नाही.

कायद्याला तो फरक आपल्यापेक्षा जास्त कळतो, असं मला वाचताना वाटलं. एरवी मी कायद्याची पुस्तकं वाचणाऱ्यातला नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो, मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि निर्णय घेताना त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. एखाद्या मुलाच्या हातून गुन्हा झाला तरी त्याला वकील मिळतो, बाल न्याय मंडळासमोर बोलायला मिळतं, आणि हे मंडळ त्याला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवू शकतं. म्हणजे निदान तारीख कळते. आमच्या पोराने 'लोकेशन' देताना सापडायला हवं होतं, असं कधीकधी वाटतं. कुणीतरी त्याला विचारलं तरी असतं, बाळ, तुझं काय म्हणणं आहे?

आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ८७ वं कलम. अल्पवयीन मुलाला मानसिक उपचारांसाठी दाखल केलं, तर त्याच्या बाजूने नेमलेल्या माणसाने किंवा त्या माणसाने ठेवलेल्या सोबत्याने तो दाखल आहे तोवर, कुठल्याही परिस्थितीत, त्याच्यासोबत राहायचं. हे मी दोनदा वाचलं. सरकारी भाषेतलं रुक्ष वाक्य आहे, पण मला आरशात बघून निघून गेलेली जीप दिसली. नेण्यात तेवढी चूक नसेलही. परत जायला हवं होतं, बाहेर पारावर तरी बसायला हवं होतं, स्पीकर बंद करा म्हणायला हवं होतं. त्या अकरा महिन्यांत मी दर रविवारी रूमवर झोपून होतो.

मामाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि आत्याच्या घरात कुणालाच न सांगितलेली एसटीतली गोष्ट सांगितली. मामा चिडला. "मग काय पूजा करू का त्याची?" म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. मी त्याला चार प्रश्न लिहून पाठवले, कुठेही ठेवायचं ठरलं तरी विचारायचे. शेवटचा प्रश्न असा होता, की महिन्यातून किती वेळा तू स्वतः तिथे जाऊन राहशील? दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

रविवारी मीच गेलो. पोरगा गोठ्यामागच्या खाटेवर फोन घेऊन पडला होता. मान वर न करता म्हणाला, "पप्पांनी पाठवलंय ना?"

"हो. तुला टाकायला जागा शोध म्हणालेत."

आता त्याने बघितलं. खरं ऐकायची बहुधा तयारी नव्हती. बराच वेळ तो गेम खेळत राहिला आणि मी बघत बसलो. मध्येच मला एकदा खेळायला दिलं, मी लगेच हरलो, तो हसला. संध्याकाळी मी विचारलं, नगरला एका समुपदेशकांना भेटू या का? ठेवून घेत नाहीत, तासाभराने परत.

"कोण कोण जाणार?"

"तू, मामा."

"पप्पांबरोबर नाही जायचं मला." थोड्या वेळाने म्हणाला, "तू पण येणार असशील तर बघू."

मामा दाराआडून ऐकत होता. आत गेला, आणि दोन कप चहा घेऊन बाहेर आला. मामाला चहा करताना मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. साखर विसरला होता.

भेटीची वेळ गुरुवारी अकराची मिळाली आहे. मी गुरुवारची रजा टाकली आहे.