शेजारधर्म व त्याची पूर्वतयारी



कोणावर अकस्मात् प्राणसंकट ओढवलें असतां, जो वैद्य नाहीं, केवळ शेजारी आहे, त्याचें कर्तव्य काय? हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस परका नाहीं. बांधावर सर्पदंश झालेला शेतकरी, उपासनेस बसला असतां छाती धरून कोसळलेला वृद्ध, अशांपासून दवाखाना कित्येक मैल दूर असतो. भोंवतीं जमलेले लोक हळहळतात. परंतु एक तर कोणी पुढें होत नाहीं, किंवा जो पुढें होतो तो नको तें करून बसतो.

पुष्कळांस वाटतें कीं, अंतःकरणांत दया असली म्हणजे झालें. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरून आम्ही हेंच सांगत आलों. याजक गेला, लेवी गेला, तो मात्र थांबला. पण दाखला तेथें संपत नाहीं. त्याच्याजवळ तेल व द्राक्षारस हीं होतीं, जखमा बांधण्याचें त्यास ठाऊक होतें, आणि आपल्या हातून होण्याजोगें तेवढें करून त्यानें त्या मनुष्यास उतारशाळेंत पोहोंचविलें. म्हणजे त्याच्या दयेबरोबर तयारी होती, आणि आपली मर्यादा ओळखण्याचा विनयही होता.

ह्याच गोष्टीची साक्ष इतिहासांत मिळते. १८५९ सालीं इटलींत सोल्फेरिनोची लढाई झाली. हजारों जखमी शिपाई जवळच्या कास्तिल्योने गांवीं आणले गेले. तेथील ख्रिस्तमंदिरें त्यांनीं भरून गेलीं. गांवच्या बायांनीं शत्रु-मित्र असा भेद न करतां त्यांस पाणी पाजलें व त्यांच्या जखमा धुतल्या. जिनीव्हाचा व्यापारी हेन्री ड्युनांट हाही त्या सेवेंत सामील झाला. त्यास दिसून आलें कीं, येथें दयेची उणीव नाहीं, शिकलेल्या हातांची आहे. म्हणून १८६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत त्यानें सुचविलें कीं, शांततेच्या काळांतच स्वयंसेवक तयार करून ठेवावे. त्यांतूनच पुढें रेड क्रॉस उभी राहिली.

आतां आपल्याकडे पाहूं. सर्पदंश झाल्यावर जखम कापणें, विष चोखणें, दोरीनें घट्ट आवळणें, हें सर्व प्रेमानेंच केलें जातें. पण त्यानें अपाय होतो. रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलूं देऊं नये, अंगठ्या व कडीं काढावीं, आणि सर्पविषावरील लस जेथें मिळते त्या दवाखान्यांत त्यास त्वरित न्यावें. जो मोठा मनुष्य बेशुद्ध पडला व ज्याचा श्वास नीट चालत नाहीं, त्याची छाती मध्यभागीं दोन्ही हातांनीं सुमारें दोन इंच खोल, मिनिटास १०० ते १२० वेळां, दाबीत राहावें. कारण रक्त पोहोंचलें नाहीं तर थोड्याच मिनिटांत मेंदूस इजा होऊं लागते. त्याच वेळीं दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हें शिकण्यास पदवी लागत नाहीं. पण संकटाच्या घटकेस तें शिकतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, "माझ्या हातीं तो मेला तर दोष मजवर येईल." रस्त्यावरील अपघाताविषयीं तर २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत सुधारणा होऊन, सद्भावनेनें साह्य करणाऱ्यास संरक्षण मिळालें आहे. पण मनुष्यांनीं दिलेला दोष हा खरा प्रश्न नव्हे. जीवन-मरण प्रभूच्या हातीं आहे. फळाचा हिशेब तो आम्हांपाशीं मागणार नाहीं, मागेल तो विश्वासूपणाचा. दुसरा म्हणेल, "उपदेशकाचें काम प्रार्थनेचें." होय, पण गुडघे टेकून मरणाऱ्याची छाती दाबीत असतां केलेली प्रार्थना देव ऐकत नाहीं काय?

यास्तव प्रत्येक मंडळीनें निदान दोघांस, त्यांत एक बाई असावी, रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्स ह्यांच्या प्रथमोपचाराच्या वर्गास पाठवावें. शिकलेलें त्यांनीं वर्षांतून दोनदां मंडळीपुढें करून दाखवावें, कारण न वापरलेली विद्या विसरून जाते. आणि हे हात केवळ मंडळीच्या लोकांसाठीं नसावे. ज्या घरांत आमच्या वडिलांचा स्पर्श एके काळीं वर्ज्य होता, तेथूनही हांक येईल. तेव्हां तेच हात धांवून जावे. माझा शेजारी कोण, हा प्रश्न त्या घटकेस उरत नाहीं. उरतो एवढाच कीं, शेजारी होण्याची तयारी मीं केली होती काय? त्या घटकेपूर्वींच शिकून ठेवण्याची बुद्धि प्रभु आम्हां सर्वांस देवो.