नाईन गांवच्या वेशीजवळ

(शास्त्रपाठ : लूक ७:११-१७)



नाईन हें गालील प्रांतांतील एक लहानसें गांव. नासरेथाहून सकाळीं निघालेला मनुष्य दुपारच्या आंत तेथें पायीं पोहोंचतो. सबंध पवित्र शास्त्रांत त्याचें नांव ह्या एकाच प्रसंगीं येतें, आणि तेंही एका प्रेतयात्रेमुळें. प्रभु येशू वेशीजवळ आला त्याच वेळीं गांवांतून एका तरुणाचें प्रेत बाहेर येत होतें. यहूदी लोक प्रेताला झांकणाच्या पेटींत घालीत नसत. वस्त्रांत गुंडाळून, आपल्याकडील तिरडीसारख्या उघड्या बाजेवर नेत. त्याच्याबरोबर त्याची आई चालली होती. ती विधवा होती, आणि हा तिचा एकुलता एक मुलगा. अशा बाईच्या घरांत दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय उरतें, हें आपल्या खेड्यांतील बायांना समजावून सांगण्याची गरज नाहीं.

ह्या उताऱ्यावर आम्हीं पुष्कळदां उपदेश केला आहे. आरंभींच्या वर्षांत आमचा सर्व भर शेवटावर असे : मेलेला उठून बसला, बोलूं लागला, आणि ख्रिस्ताची मरणावर सत्ता आहे हें सिद्ध झालें. तें खरेंच आहे. परंतु मधल्या तेराव्या वचनावरून आम्ही धांवत जात असूं. त्या वचनांत क्रम असा आहे कीं, प्रभूनें तिला पाहिलें, त्याला तिचा कळवळा आला, आणि मग त्यानें तिला रडूं नको म्हटलें. हा क्रम मोडल्यामुळें आमच्या हातून एकदां मोठा अपराध घडला, तो सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

सेमिनरींतून बाहेर पडून आम्हांस दुसरें वर्ष लागलें होतें. आमच्या मंडळींतील एका बाईचा सहा वर्षांचा मुलगा चार दिवसांच्या तापानें गेला. आम्ही पोहोंचलों तेव्हां ती त्याचें डोकें मांडीवर घेऊन, त्याचा एकेक बोल आठवून, मोठमोठ्यानें रडत होती. गांवांतील इतर लोक अंगणाच्या कडेला उभे होते. आमच्या मनांत आलें, हे लोक काय म्हणतील? पुनरुत्थानाची आशा सांगणाऱ्यांच्या घरीं हा आकांत? आम्हीं पुढें होऊन म्हटलें, "बाई, प्रभूनें नाईनच्या विधवेला रडूं नको असें सांगितलें. विश्वासणाऱ्यांना एवढा शोक शोभत नाहीं." ती गप्प झाली. पदराचा बोळा तोंडांत घालून गप्प झाली. आणि आम्हांस, देव क्षमा करो, आपल्या बोलण्याचें समाधान वाटलें.

इतक्यांत मंडळींतील एक म्हातारी आंत आली. तिला अक्षरओळख नव्हती, आणि दहा आज्ञा सांगतांना तिच्या दोन नेहमीं चुकत. तिनें आमच्याकडे पाहिलेंही नाहीं. ती त्या आईच्या शेजारीं जमिनीवर बसली, तिचें डोकें आपल्या छातीशीं धरिलें, आणि स्वतःच रडूं लागली. तेव्हां आईचा कोंडलेला हुंदका फुटला. दोघी कितीतरी वेळ रडल्या. आम्ही पुस्तक हातांत धरून भिंतीशीं उभे होतों.

त्या घरांत देवाच्या स्वभावासारखें कोण वागलें, आम्ही कीं ती म्हातारी? हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागें लागला आहे.

लूकानें ज्या ग्रीक शब्दानें प्रभूचा कळवळा सांगितला, तो शब्द 'स्प्लांग्ख्ना' म्हणजे आंतडीं ह्यापासून झालेला आहे. मराठी माणसाला ह्यावर टीका लिहून देण्याची जरूर नाहीं. लेकरूं दुखण्यानें तळमळतांना पाहून आई म्हणते, "माझें आंतडें तुटतें." तोच हा शब्द. चारी शुभवर्तमानांत मिळून तो बारा वेळां येतो. येशूविषयीं, अथवा येशूनें सांगितलेल्या दृष्टांतांतील माणसांविषयींच तो वापरलेला आहे : चाकराचें कर्ज सोडणारा राजा, वाटेवरच्या जखमी मनुष्याजवळ थांबणारा शोमरोनी, आणि उधळ्या पुत्राला दुरून पाहून धांवत सुटणारा म्हातारा बाप. घरंदाज म्हाताऱ्यानें भर रस्त्यांत धांवावें, हें त्या देशांतही शोभेसें नव्हतें. पण ज्याचें आंतडें तुटतें तो शोभा पाहत नाहीं.

आणि हें नव्या करारांतच आहे असें नाहीं. इब्री भाषेंत देवाच्या करुणेला 'राहमीम' म्हणतात, आणि त्याचा संबंध 'रेहेम' ह्या शब्दाशीं आहे. रेहेम म्हणजे गर्भाशय. होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायांत देव इफ्राईमाविषयीं बोलतो, तो लेकराला हात धरून चालावयास शिकविणाऱ्या बापासारखा. तें राष्ट्र मूर्तीच्या मागें गेलें होतें, आणि इ. स. पूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरी लोकांनीं शोमरोन घेतलें. दंड टळला नाहीं. परंतु दंडाची गोष्ट निघतांच देवाचें हृदय त्याच्या ठायीं उलटतें. ह्याला मी टाकूं तरी कसा, असें तो आपणांसच विचारतो. न्यायासनावर बसलेल्याच्या पोटांत असें कालवतें, हें किती न्यायाधीशांविषयीं सांगतां येईल?

येथें कोणी शिकलेला बंधु म्हणेल, "देव तर निर्विकार आहे. १६४६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें तयार झालेल्या विश्वासपत्रांतही देवाला देह, अवयव व विकार नाहींत असेंच सांगितलें आहे ना?" सांगितलें आहे, आणि सेमिनरींत आम्हीं तें पाठही केलें. पण त्याचा अर्थ नीट धरावा. रागाच्या भरांत बोलून मागाहून पस्तावणें, आज माया आणि उद्यां कंटाळा, असे जे आमच्या मनाचे हेलकावे, ते देवाला नाहींत. त्याचें प्रेम दगडासारखें थंड आहे असें मात्र त्यावरून निघत नाहीं. ग्रीक तत्त्वज्ञान्यांपैकीं कित्येकांनीं दुःखाचा स्पर्श न होणें हेंच मोठेपण मानिलें. आपल्याकडेही अशा मोठेपणाची थोरवी पुष्कळ गाइली गेली. परंतु आम्ही देवाला ओळखतों तें ख्रिस्ताच्या मुखावरून, आणि तें मुख बेथानीस अश्रूंनीं भिजलें होतें. रे. नारायण वामन टिळकांनीं आपल्या अभंगांत ख्रिस्ताला गुरु म्हटलें तसेंच मायही म्हटलें. तें नुसतें कवीचें लाडकें बोलणें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

बेथानीची गोष्ट तर आमच्यासारख्या घाईच्या उपदेशकांनीं पुन्हां पुन्हां वाचावी. लाजराला उठविण्यासाठींच प्रभु तेथें आला होता, आणि घटकाभरानें तो उठणार हें त्याला ठाऊक होतें. तरीही मरियेला रडतांना पाहून तो रडला. ज्याला उद्यांचें सर्व ठाऊक आहे त्यालाही आजचें दुःख खोटें वाटलें नाहीं. पौलानेंही थेस्सलनीकाच्या मंडळीला शोक करूं नका असें लिहिलें नाहीं, ज्यांना आशा नाहीं त्यांच्यासारखा शोक करूं नका असें लिहिलें (१ थेस्स. ४:१३). ह्या वचनाचा उत्तरार्ध गाळून पूर्वार्ध तेवढा शोकाकुल माणसाच्या डोक्यावर मारण्याची संवय आम्हां पाळकांना लागली आहे.

आतां नाईनच्या वेशीकडे पुन्हां वळूं. प्रभु तिरडीजवळ गेला आणि तिला हात लाविला. नियमशास्त्राप्रमाणें प्रेताचा विटाळ सात दिवस राही (गणना १९:११), म्हणून जपून वागणारा मनुष्य अशा ठिकाणीं अंग चोरी. विटाळाच्या नांवानें लोकांनीं अंग चोरलेलें ज्यांच्या वाडवडिलांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसलें, त्यांना ह्या एका स्पर्शाचा अर्थ आमच्याहून अधिक कळेल. त्या बाईनें कांहीं मागितलें नव्हतें. तिनें विश्वास प्रकट केल्याचेंही लूक लिहीत नाहीं. तो कोण हेंही तिला ठाऊक होतें कीं नाहीं, देव जाणे. प्रभूनें नुसतें तिला पाहिलें, आणि त्याच्यानें पुढें जाववलें नाहीं.

रडूं नको हा शब्द तो बोलला, कारण दुसऱ्याच क्षणीं मुलगा तिच्या हातीं द्यावयाचा होता. आमच्या हातांत तें सामर्थ्य नव्हतें. मुलगा परत देतां येत नसतां आम्हीं तो शब्द तेवढा उसना घेतला, आणि त्याच्या आधींचा कळवळा मागें टाकिला. उपदेशक बंधूंनो, मयताच्या घरीं जाल तेव्हां पुस्तक उघडण्याची घाई करूं नका. आधीं खालीं बसा. आशेचें वचन वाचावयाचें तें वाचाच, पण माणसाचा हुंदका संपूं द्या.

पुढें आमची बदली झाली. बारा वर्षांनीं एका लग्नानिमित्त आम्ही त्या गांवीं गेलों. म्हातारी प्रभूमध्यें निजली होती. ती बाई भेटली; तिच्या घरीं बसून आम्हीं तिची क्षमा मागितली. ती ओशाळली, "पाळकसाहेब, आपण असें कशाला बोलतां," म्हणाली, आणि चहाचें आधण ठेवावयास उठली. मग चुलीपाशींच बसून, आमच्याकडे न पाहतां तिनें विचारिलें, "माझा बाळ गेला त्या दिवशीं देवाला वाईट वाटलें असेल का?"

आम्हीं लूकाचा सातवा अध्याय काढून तेरावें वचन वाचलें, आणि मूळ भाषेंत तेथें आंतडें तुटण्याचा शब्द आहे हें सांगितलें. ती थोडा वेळ जाळाकडे पाहत राहिली.

"पुन्हां वाचा," ती म्हणाली. आम्हीं पुन्हां वाचलें.